नऊ मिनिटांची रचना आणि इतर मालमत्ता

‘बाबा, हे मेलेलं जनावर घरात कशाला आणलंत?’

हे वाक्य माझा थोरला भाऊ हितेंद्र १९९३ सालच्या मे महिन्यात, परळच्या आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला टेकून बोलला. जनावर म्हणजे पियानो. सहा माणसांनी तो दोरखंड बांधून जिन्यातून वर चढवला होता आणि सहाही जण गॅलरीत बसून पाणी पीत होते. वकीलबाई म्हणाल्या की मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, आधी नाव-गाव लिहायचे असते. मी म्हटले, नाव-गाव सगळ्यांनाच असते. हे वाक्य आधी नोंदवले नाही, तर पुढची कलमे वाचणाऱ्याला मी नुसतीच चिडकी बाई वाटेन.

आता नाव-गाव. मी, दर्शना शामराव घाडीगावकर, वय सत्तेचाळीस, अविवाहित, दादरच्या एका शाळेत संगीत शिक्षिका, राहणार खोली क्रमांक २९, दुसरा मजला, परळ, मुंबई. हे मृत्युपत्र मी स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणावा एवढे माझ्याकडे काही आहे, असे आजवर कोणाला वाटलेले नाही. येत्या मंगळवारी माझ्या छातीतली गाठ काढायची आहे. धोका फारसा नाही, असे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी माझ्या तीन सह्या घेतल्या. म्हणून चौथी मी इथे करते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या मागे या कागदाची अंमलबजावणी माझी शाळेतली सहकारी अक्षता हिने करावी. तिने होकार दिला आहे, रडली आहे, आणि मग वेळापत्रक विचारले आहे.

कलम १. खोली.

आईनंतर खोलीचा भाडेहक्क माझ्या नावावर झाला. इमारत पुनर्विकासात गेली असून मार्चपर्यंत आम्हा सर्वांना संक्रमण शिबिरात जायचे आहे. भाडेहक्क मृत्युपत्राने देता येतो की नाही, यावर वकीलबाईंनी दोन भेटींत दोन उत्तरे दिली. जेवढा देता येतो तेवढा मी हितेंद्रला देते. दर दिवाळीला भांडुपहून येऊन तो या भिंतींकडे असा बघतो, जसे दुकानात माणूस कापड बघतो, दोन बोटांत धरून. घे. माझ्याशी भांडून जिंकल्याचे समाधान मी तुला देणार नाही. नव्या घराच्या नकाशावर वहिनींनी पेन्सिलीने सोफा काढून ठेवला आहे, तो तिथेच ठेवावा. फक्त त्या सोफ्यावर बसून पाहुण्यांना ‘माझी बहीण फार मोठी कलाकार होती हो’ असे सांगू नये. त्याला शोभत नाही, आणि ते खरेही नाही.

कलम २. दागिने व बँक.

आईच्या दोन पाटल्या वहिनींना द्याव्यात. त्या त्यांच्याकडेच आहेत. आई गेली त्या दुपारी वहिनींनी साबण लावून त्या काढल्या, ओरखडासुद्धा येऊ दिला नाही. त्या कौशल्याबद्दल मी त्या उचलेगिरीला दानाचे रूप देत आहे.

बँकेत जे काही असेल ते शेजारच्या खोली क्रमांक ३० मधील सुभद्राबाई यांना. त्यांचे वय अडुसष्ट, एक डोळा मोतीबिंदूने गेल्यात जमा. त्यांनी डोळा करून घ्यावा आणि उरेल ते पापलेटवर उडवावे. देवळात देऊ नये.

कलम ३. वडिलांची हत्यारे.

वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, होते. संप झाला, गिरणी गेली, आणि दोन वर्षे घरी बसल्यावर त्यांना गिरगावात एका पारशी शेटजींच्या पियानो दुरुस्तीच्या दुकानात झाडलोटीचे काम मिळाले. चालत्या साच्यावर तुटलेला धागा न बघता गाठ मारून जोडायचा, हे त्यांनी वीस वर्षे केलेले. दुकानात एकदा कारागीर आला नव्हता आणि वडिलांनी तुटलेली तार सुतासारखी गाठून दिली. शेटजींनी ती ताणून बघितली, सूर लावून बघितला, आणि वडिलांच्या हातातला झाडू काढून घेतला. पुढची नऊ वर्षे वडिलांनी तारा गाठल्या, हातोड्यांवरचे लोकरीचे नमदे कापले, सूर लावले. त्यांना वाजवता एक ओळ येत नव्हती. पण गॅलरीतून भांडे पडले तरी ते म्हणायचे, ‘जरा चढा आहे.’

दुकान बंद करताना शेटजींनी हा पियानो त्यांना दिला. ‘शामराव, तू ले जा. दूसरा कोई लेगा तो इसका टेबल बनाएगा.’

हितेंद्रने स्वतःच्या लग्नात सासरच्यांना सांगितले की वडील पियानोच्या कंपनीत सुपरवायझर होते. वडील शेजारीच उभे होते. ते हसले आणि त्यांनी हात खिशात घातले, कारण बोटांवर तारेचे वळ होते. हे मी विसरलेले नाही.

सूर लावायची किल्ली, लाकडी पाचरी, नमद्याचे तुकडे आणि खिळ्यांचा बिस्किटाचा डबा हे सर्व दीपक यांना. ते रे रोडला लाकडाच्या वखारीमागे दुरुस्तीचे काम करतात आणि दरवर्षी माझा पियानो लावायला येतात. त्यांना ती गाठ येते. वडिलांनी शिकवली होती.

कलम ४. कागद.

माझ्याकडे जवळपास चाळीस रचनांचे नोटेशन आहे. बहुतेक रचनाकार आज हयात आहेत, आणि यातल्या कोणाचेही नाव आमच्या शाळेत कोणाला ठाऊक नाही. शाळेत पियानो म्हटले की लग्नाच्या हॉलमध्ये वाजतो तो किंवा दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या पुरुषांचा. कोणीतरी आत्ता, आपल्याच काळात, मोबाईल आणि महागाई असताना पियानोसाठी लिहिते आहे, हे सांगितले की मुख्याध्यापिका म्हणतात, ‘हो का? छान!’ आणि गॅदरिंगच्या नाचाकडे वळतात.

त्यातली एक रचना नऊ मिनिटांची आहे. उत्तरेकडच्या कुठल्यातरी थंड देशातल्या बाईने लिहिलेली, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. डावा हात तेच चार स्वर वाजवत राहतो. उजवा हात एक स्वर वाजवतो आणि थांबतो. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. मी ती २०१६ साली दादरच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतली.

‘मॅडम, टोनर संपला वाटतं. अर्धं पान कोरं येतंय.’

‘तसंच आहे ते.’

‘मग छापताय कशाला? कोरे कागद घ्या ना, स्वस्त पडतील.’

त्या वर्षी माझे ठरलेले लग्न मोडले होते. त्या गृहस्थाचे नाव इथे येणार नाही, त्याला हे एक वाक्य पुरे. घरात मला समजवायला माणसे येत होती. मन रमव, योगा कर, देवीला जा, आता या वयात कोण मिळणार, तरी मिळेल. सगळ्यांना मी लवकर बरी व्हायला हवी होते, कारण माझा चेहरा बघून त्यांना चहा गोड लागत नव्हता. तो डावा हात तेवढा मला काही सुचवत नव्हता. मी रडले तरी चार स्वर, नाही रडले तरी चार स्वर. बरी हो म्हणून माझ्यामागे न लागलेली त्या घरातली ती एकच गोष्ट होती.

मी रोज दुपारी चारला ती वाजवायला बसे. सुभद्राबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत.

‘गो, सारखी थांबतंस कित्याक? विसारलंस काय?’

‘नाही हो मावशी, ते तसंच आहे.’

‘मगे तुका शिकवणारीच विसारली असतली.’

पण चार वाजले की त्या आपला रेडिओ बंद करत. हे सर्व कागद अक्षताने ठेवावेत किंवा नेटवर टाकावेत. लॅमिनेट करू नयेत.

कलम ५. ज्यांना काही देऊ नये.

लोअर परळला जुन्या गिरणीच्या जागेवर मनःशांतीचे एक केंद्र निघाले आहे. त्याचे व्यवस्थापक राजस यांनी मला दोन महिने शनिवारी बोलावले होते. लोक गाद्यांवर आडवे पडत, मी कोपऱ्यात वाजवत असे. तिसऱ्या शनिवारी राजस कानाशी येऊन म्हणाले, ‘मॅम, सुपर्ब. फक्त थोडं कमी सॅड होईल का? आणि ते मध्ये थांबता ना, तिथे लोकांना आपापले विचार येतात.’ मी म्हटले, ‘येऊ देत की.’ ते म्हणाले, ‘नो नो, त्याचेच तर ते पैसे देतात, न येण्याचे.’ वडिलांचा साचा त्याच जागेत कुठेतरी होता. त्या केंद्राला माझे एकही ध्वनिमुद्रण देऊ नये. माझ्या मृत्यूबद्दल त्यांनी मेणबत्तीचे चित्र टाकल्यास अक्षताने खाली लिहावे: त्यांना तुमच्या गाद्यांचा तिटकारा होता.

कलम ६. पियानो.

इथे मला सविस्तर लिहावे लागेल. वकीलबाईंनी या कलमाला ‘अनावश्यक’ असा शेरा मारला आहे.

आमच्या घरचा गणपती पाच दिवसांचा, गौरीबरोबर जाणारा. तो मूळ घरात, म्हणजे याच खोलीत, पूर्वेच्या भिंतीशी बसतो. त्याच भिंतीशी पियानो. दरवर्षी आदल्या दिवशी मंडळाचे चार जण येऊन पियानो समोरच्या भिंतीला ढकलत आणि पाच दिवसांनी परत आणत. कुरकुर न करता. बाप्पाशी माझे भांडण नव्हते, आजही नाही.

२०२० साली करोना होता. आई रुग्णालयातून निगेटिव्ह होऊन घरी आली, पण फुप्फुसे कामातून गेली होती. खाटेशेजारी ऑक्सिजनचे मशीन चोवीस तास घूं करत असे. मी चारला बसू लागले. पहिल्या दिवशी आई डोळे मिटून ऐकत राहिली आणि म्हणाली, ‘तुझा नि माझ्या मशीनचा जमला गो.’ खरेच होते. मशीनचा सूर डाव्या हातातल्या एका स्वराच्या अगदी जवळ होता. मग ती रोज विचारी, ‘ता थेंबाथेंबाचा कधी वाजयतलंस?’ त्या नऊ मिनिटांत तिचा श्वास हळू होई. मी तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजणारे ते यंत्र लावून बघत असे. आकडा फारसा वाढत नसे. पण तिची मूठ उघडत असे. आठवडाभर असे चालले.

मग हितेंद्र मूर्ती घेऊन आला. मंडळाचे कोणी वर येणार नव्हते, आजाऱ्याच्या खोलीत तर नाहीच. पियानो दोघांना हलेना. तो कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

‘ह्याच्यावरच बसवू. आयतं टेबल आहे.’

‘दादा, आईला दुपारी ऐकायचं असतं.’

‘पाच दिवस नाही ऐकलं तर मरत नाही ती.’

हे त्याचे शब्द. मी त्यात काही घातलेले नाही.

‘मी हळू वाजवीन. वर मूर्तीला कळणारही नाही.’

‘आणि मूर्ती हलली तर? एकदा प्रतिष्ठापना झाली की विसर्जनापर्यंत जागची हलवायची नसते, एवढं पण कळत नाही तुला? वर्षभर तुझं, पाच दिवस बाप्पाचं. आता वाद नको.’

पाट, मूर्ती, समई, दूर्वा, पंचामृताची वाटी, सगळे पियानोवर गेले. दुसऱ्या दिवशी चारला आई म्हणाली, ‘आज नाय वाजयत?’

‘गणपती बसलाय ना आई त्याच्यावर.’

तिने मान वळवून बघितले. ‘मगे तेका पण आयकां दे.’

मी हितेंद्रकडे पाहिले. तो म्हणाला, ‘तापात बोलतेय.’ तिला ताप नव्हता.

तिसऱ्या दिवशीही तिने विचारले. चौथ्या दिवशी तिने विचारले नाही, फक्त चारच्या सुमाराला पियानोकडे तोंड करून घेतले. आणि मी काय करत होते? आरतीचे ताट चिंचेने घासत होते. बेचाळीस वर्षांची, कमावती, झाकण उघडायला एक हात लागतो. हितेंद्रबद्दल मला जे वाटते त्याचा मोठा वाटा माझ्याकडे येतो, हे इथे लिहून ठेवते; तो वाटा मी कोणाच्या नावावर करू शकत नाही.

पाचव्या दिवशी, म्हणजे गौरीपूजनाच्या दिवशी (त्या वर्षी गौरी सहाव्या दिवशी जाणार होत्या), तीन वाजून दहा मिनिटांनी आई गेली.

घरात सुतक. सुतकात गणपती ठेवत नाहीत, घरचे माणूस त्याला हातही लावत नाही, बाहेरच्याने ताबडतोब विसर्जन करायचे असते. हितेंद्र गॅलरीत धावत गेला. माणसे दारे लावून बसली होती. खालच्या मजल्यावरचे अभय तांबे वर आले. ते रुग्णालयात वॉर्डबॉय आहेत, मास्क आणि हातमोजे घालूनच आले.

‘मी पुजत नाही, हितेंद्रभाऊ. पण उचलतो. मला सुतक पण नाही नि सोवळं पण नाही.’

‘हां, हां, लवकर उचल,’ हितेंद्र म्हणाला. एरवी याच माणसाने प्रसादाच्या वाटीला कोणाचा हात लागला, यावर दोन दिवस काढले असते.

अभयनी मूर्ती उचलली आणि नेली. पंधरा मिनिटे लागली नाहीत. तीच मूर्ती, जी चार दिवस तसूभर हलवता येत नव्हती.

पियानोवर हळदीकुंकवाची गोल कडी उरली होती. मी झाकणाकडे हात नेला तेव्हा वहिनी म्हणाल्या, ‘अगं, सुतकात वाजवतात का?’ मी हात मागे घेतला. हो, तेव्हाही. तेरा दिवसांनी उघडला तर पंचामृत आत झिरपून मधल्या तीन पट्ट्या फुगल्या होत्या. दीपक यांनी दोन सोडवल्या. तिसरी दर ऑगस्टमध्ये अडकते.

हितेंद्र अजून लग्नाकार्यांत सांगतो, ‘आईला जाताना समोर बाप्पाचं दर्शन झालं. केवढं भाग्य!’ बायका हात जोडतात. मी तिथे उभी असले तर तो माझ्याकडे बघत नाही.

तर पियानो. तो हितेंद्रला मिळणार नाही. तो विकू नये. अशा जुन्या पियानोच्या पोटातल्या तारा काढून आत काचेचे फळे आणि दिवे लावतात व दारूच्या बाटल्या ठेवतात, हे मी लोअर परळच्या एका हॉटेलात डोळ्यांनी पाहिले आहे. तिथे एक तरुण मुलगा टेकून फोटो काढत होता. तसे होऊ नये. शाळेलाही देऊ नये, तिथे त्यावर ट्रॉफ्या ठेवतील. दीपक यांनी तो चाळ रिकामी होण्याआधी याच खोलीत उघडावा आणि तारा, हातोडे, नमदे, पट्ट्या यांतले जे चांगले असेल ते ज्यांचे पियानो वाजतात अशांना लावावे. उरलेले लाकूड त्यांचे. सूर राहील तिथे राहील.

कलम ७. मी गेल्यावर.

फोटोला हार नको. दहाव्याला कोणी ‘तिला संगीतातून खूप समाधान मिळायचं’ असे बोलल्यास अक्षताने त्याला चहा देऊ नये. समाधान वगैरे काही मिळत नव्हते. एक माणूस खोलीत बरोबर बसल्यासारखे वाटायचे, एवढेच, आणि तेवढे मला कोणा माणसाकडून मिळाले नव्हते. सुभद्राबाई सोडून.

वर लिहिलेले सर्व मी वाचले आहे, ते माझेच आहे. साक्षीदारांसमोर, त्यांच्या देखत, सही करत आहे. साक्षीदारांना या कागदाने काहीही मिळत नाही. दोघांनी हे दोनदा विचारून खात्री करून घेतली.

सही: दर्शना शामराव घाडीगावकर

साक्षीदार १: अभय तांबे, खोली क्रमांक १४, पहिला मजला, परळ. (सही)
साक्षीदार २: श्रेया मयेकर, शिक्षिका, राहणार माटुंगा. (सही)

स्थळ: परळ, मुंबई
दिनांक: १३ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

सहीखालच्या मजकुराला कायद्याने किंमत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणून हे इथे लिहिते.

दादा, या कागदाची एक प्रत आजच तुला पाठवते आहे. तू पहिले कलम वाचून बाकीचा कागद वहिनींकडे देशील, त्या तुला सहावे वाचून दाखवतील, आणि तू म्हणशील, डोकं फिरलंय तिचं. असू दे. गेली पाच वर्षे मी तुला जितके तुच्छ समजते तितके कोणालाच समजत नाही, आणि ते करून मी थकले. आई तुझीही होती. ती खोलीत काय ऐकत होती, ते तू एकदाही ऐकलेले नाहीस; त्या आठवड्यात आलास तरी भाजी आणायला, फोनवर बोलायला, गॅलरीत, तू नेहमी बाहेर असायचास.

मंगळवारी मला नेतील. रविवारी दुपारी चारला ये. वहिनींना आणू नकोस, फळे आणू नकोस, माफी मागू नकोस, मलाही मागायला लावू नकोस. मी वाजवीन. तू आईच्या खाटेवर बस आणि नऊ मिनिटे माझ्याबरोबर ऐक.

तू नाही म्हणशील, मला ठाऊक आहे. तरी ये.